चेक वटेपर्यंत थांबा

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मराठी घरं पुष्कळ आहेत, पण पैशाबद्दल शंका आली की तिथल्या बायकांचा फोन जायचा तो नीलाताई खांबेट्यांकडेच. घरोघरी एकेक सॉफ्टवेअरवाला आणि एकेक एमबीए बसलेला असताना हा मान नीलाताईंना मिळाला होता, आणि त्यांना तो आवडतही होता. का नाही आवडणार? सांगलीच्या एका सहकारी बँकेत त्यांनी उभी हयात कॅशच्या खिडकीमागे काढली होती. निवृत्त झाल्या, दोन वर्षांत नवरा गेला, आणि मुलगा राजस त्यांना इकडे घेऊन आला. ग्रीन कार्ड झालं, बर्फात घालायचे बूट झाले, मायक्रोवेव्हशी ओळख झाली. बँक मात्र डोक्यातून गेली नाही. सून रुचा बाजार घेऊन आली की नीलाताई भाजीच्या आधी पावती बघायच्या.

गावातल्या बायकांची एक भिशी होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकीने ठरलेली रक्कम रोख द्यायची आणि जिची पाळी असेल तिने ती सगळी घरी न्यायची. ना कागद, ना सही. पैसे गोळा करायचं काम अर्थातच नीलाताईंचं. एका खणाच्या पिशवीत त्या पैसे ठेवायच्या आणि प्रत्येकीच्या नोटा तिच्या डोळ्यांसमोर मोजायच्या. मोजता मोजता उपदेशही व्हायचा. त्यातला त्यांचा सर्वांत लाडका होता, "चेक वटेपर्यंत पैशाला हात लावायचा नाही." खिडकीमागे बसून हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना सुनावलं होतं की झोपेतून उठवलं तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.

घरात त्यांना काही कमी नव्हतं, पण स्वतःचं म्हणावं असं काहीच येत नव्हतं. साधी लोकर घ्यायची तरी राजसचं कार्ड. राजस कधी एका शब्दाने बोलला नाही, तरी आयुष्यभर दुसऱ्यांना पैसे मोजून देणाऱ्या बाईला मुलापुढे हात करणं जड जायचं. त्यामुळे फोनवर 'गुप्त ग्राहक हवेत' अशी जाहिरात दिसली तेव्हा त्या ताठ बसल्या. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, नोकर कसे वागतात ते बघायचं आणि अहवाल पाठवायचा. हे तर त्यांचं हातखंडा काम! त्यांच्या बँकेतही मुख्य कचेरीतून असे वेषांतर केलेले साहेब यायचे आणि नीलाताई त्यांना बुटांवरून ओळखायच्या.

अर्ज भरला, आणि चार दिवसांत कुरियरने जाड पाकीट आलं. आत बँकेचा छापील चेक आणि सूचनांचा कागद. चेक खात्यात भरा, त्यातला आपला मेहनताना ठेवून घ्या, उरलेल्या पैशांतून अमक्या दुकानातून गिफ्ट कार्डं घ्या, दुकानाबद्दल अहवाल लिहा आणि कार्डांच्या मागचा नंबर खरवडून त्याचा फोटो पाठवा. नीलाताईंनी चेक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. कागद चोळून पाहिला, खालचे आकडे पाहिले, बँकेचं नाव पाहिलं. चेक देखणा होता. तरीही त्या घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. चेक भरला आणि वाट बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसली तेव्हाच त्यांनी कोट चढवला.

इथेच त्यांचा घात झाला. सांगलीच्या त्यांच्या बँकेत समोरच्या बँकेने पैसे दिल्याशिवाय खातेदाराच्या पुस्तकात आकडा चढत नसे. आकडा चढला म्हणजे चेक वटला, विषय संपला. एखाद्या पोराने जाहिरात बघितल्याबरोबर नाक मुरडलं असतं. नीलाताई नियमाने वागल्या आणि नियमानेच खड्ड्यात गेल्या.

कार्डं घेतली, नंबर पाठवले, दुकानाबद्दल सविस्तर अहवालही लिहिला. गल्ल्यावरच्या मुलीने हसून बोलावं, असा शेरा मारला. त्याच आठवड्यात भिशी होती. तिथे त्यांनी ही हकिकत अशी रंगवून सांगितली की पद्मिनीबाई वागळे त्यांच्या शेजारीच येऊन बसल्या.

पद्मिनीबाई नागपूरच्या. लेकीकडे राहायच्या आणि शेजारच्या दोन तान्ह्या मुलांना सांभाळायच्या. त्यातले पैसे त्या साठवत होत्या, कारण त्यांना हिवाळ्यात नागपूरला धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, आणि तिकिटासाठी जावयाला सांगायचं नव्हतं.

"नीलाताई, मला जमेल का हो हे काम?" त्यांनी हळूच विचारलं.

"न जमायला काय झालं? तुम्ही तर गाडीसुद्धा चालवता. फक्त एक लक्षात ठेवा. चेक वटेपर्यंत..."

"...पैशाला हात लावायचा नाही," पद्मिनीबाईंनी वाक्य पुरं केलं, आणि दोघी हसल्या. नीलाताईंनी तिथल्या तिथे त्यांना तो नंबर दिला.

दोन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी बँकेतून फोन आला. नीलाताईंना वाटलं, काहीतरी सही राहिली असेल. रुचा त्यांना घेऊन गेली. टेबलापलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की चेक खोटा होता, परत आला आहे, आणि ती सगळी रक्कम आता त्यांच्या खात्यातून वजा झाली आहे.

"पण पैसे तर आले होते! मी डोळ्यांनी पाहिले," नीलाताई म्हणाल्या. रुचाने त्याचं इंग्रजी केलं.

दिसत होते ते पैसे बँकेने स्वतः आधी दिले होते, अधिकाऱ्याने सांगितलं. इथे तसा नियमच आहे, ग्राहकाला खोळंबायला लागू नये म्हणून. चेक खरा की खोटा ते दुसऱ्या बँकेकडून कळायला कधी कधी कितीतरी आठवडे जातात, आणि खोटा निघाला तर भरपाई खातेदारानेच करायची.

नीलाताईंच्या पायाखालची जमीन सरकली. पैसे गेल्याचं दुःख होतंच. त्याहून वाईट हे, की ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता तिनेच त्यांना तोंडावर पाडलं होतं. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळा स्वतःचा.

घरी राजस मीटिंग सोडून खाली आला. ऐकून त्याने डोक्याला हात लावला. "आई, मला एकदा विचारायचं तरी! बरं, जाऊ दे. मी अकाउंटमध्ये टाकतो पैसे. पण प्लीज, हे कुणाला सांगत बसू नकोस. मराठी मंडळात सगळे जण तुला किती मानतात यार. उगाच हसतील."

नीलाताईंना ते पटलंही असतं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. पण त्यांना एकदम पद्मिनीबाई आठवल्या, आणि हातातलं पाण्याचं भांडं त्यांनी खाली ठेवलं. कालच पद्मिनीबाईंचा फोन आला होता. 'माझे पण पैसे दिसायला लागले हो! उद्या मुलांची आई घरी आली की दुकानात जाते.'

त्यांनी फोन लावला. चौथ्यांदा पद्मिनीबाईंनी उचलला.

"पद्मिनीबाई, कार्डं घेऊ नका. तो चेक खोटा आहे."

"अहो, असं कसं? माझा वटलाय. तुम्ही सांगितलं तशी थांबले मी. अॅपमध्ये दाखवतंय ना सगळं." मागे गाड्यांचा आवाज होता. "मी दुकानाच्या पार्किंगमध्येच आहे. तो माणूस सारखा मेसेज करतोय, आजच रिपोर्ट द्यायचाय म्हणतो. नंतर बोलू का?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

"रुचा, गाडी काढ," नीलाताई म्हणाल्या.

"आई, ऐक ना..." राजस म्हणाला.

"तू पैसे भरतोयस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत, आणि ते मी फेडीन. पण त्या बाईला मी पाठवलंय तिथे. माझ्या शब्दावर गेली आहे ती." एवढं बोलून त्यांनी पायांत बूट सरकवले. नाड्या बांधायलाही त्या थांबल्या नाहीत.

दुकान मोठं होतं. पैसे द्यायच्या रांगांजवळ गिफ्ट कार्डांची उंच मांडणी होती आणि तिच्यासमोर पद्मिनीबाई चष्मा कपाळावर चढवून कार्डं निवडत होत्या. ढकलगाडीत केळी, दुधाचा कॅन आणि वर कार्डांची चळत. नीलाताई सरळ त्यांच्या आणि मांडणीच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई! तुम्ही इथे?"

"माझे गेले," नीलाताई म्हणाल्या. "सगळे. आज सकाळी बँकेने सांगितलं. चेक परत आला आणि मी कार्डांवर घातलेले पैसे माझ्याच खात्यातून वजा झाले. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, पद्मिनीबाई. खात्यात आकडा दिसला म्हणजे इथे चेक वटलेला नसतो. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसून मी तुम्हाला शिकवलं."

पद्मिनीबाईंचा चेहरा पडला, पण हात ढकलगाडीवरून सुटला नाही. तो आकडा त्यांनी कालपासून दहादा बघितला होता. त्यात नागपूरचं तिकीट होतं. "तुमचा खोटा निघाला असेल," त्या म्हणाल्या. "माझा वेगळ्या बँकेचा आहे."

वाद घालून काही होणार नाही, हे नीलाताईंच्या ध्यानात आलं. खिडकीमागे त्यांनी हट्टी गिऱ्हाइकं काही कमी पाहिली नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या, "माझ्यावर आता विश्वास ठेवू नकाच. मी म्हणते म्हणून मानायचं, इथेच तर आपण फसलो. तुम्ही त्या माणसाला फक्त एवढंच लिहा, की समोरच्या बँकेने पैसे दिल्याची खात्री झाली की कार्डं घेते. महिनाभर लागेल. खरी कंपनी असेल तर म्हणेल, थांबा. आणि खरी कंपनी काम झाल्यावर पैसे देते हो, आधी चेक पाठवून त्यातले परत कशाला मागेल?"

पद्मिनीबाईंनी थोडा विचार केला आणि तिथेच उभ्याने मेसेज लिहिला. रुचाने इंग्रजी तपासून दिलं. पाठवल्याबरोबर उत्तर आलं. मग दुसरं. मग तिसरं. पहिल्यात विनवणी होती. दुसऱ्यात करार मोडल्याचा आरोप. तिसऱ्यात त्याने लिहिलं होतं की एका तासात कार्डांचे फोटो आले नाहीत तर पोलीस तुझ्या दारात येतील आणि तुला देशाबाहेर काढतील.

नागपूरच्या शाळेत पद्मिनीबाईंनी सातवीचे वर्ग सांभाळले होते. त्यांनी तिसरा मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा नाकावर आणला. "हा मला दमदाटी करतोय?" त्या म्हणाल्या. "मेल्या, तुझ्यासारखे छप्पन्न मी बाकावर उभे केलेत!" मग त्यांनी ढकलगाडीतली कार्डं एकेक करून मांडणीत जागच्या जागी लावली. केळी आणि दूध तेवढं घेतलं.

तिथून त्या तिघी पद्मिनीबाईंच्या बँकेत गेल्या, आणि तो पैसा बाजूला काढून ठेवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तोही चेक परत आला. खात्यातला आकडा गेला, पण पद्मिनीबाईंचा स्वतःचा डॉलरही हलला नाही. नीलाताईंनी रुचाला शेजारी बसवून सरकारकडे तक्रार केली, पोलिसांत दिली, कार्डवाल्या कंपनीला फोन केला. नंबर हाती लागल्याबरोबर चोराने कार्डं केव्हाच रिकामी केली होती. गेलेलं परत येणार नव्हतं, तरी त्यांनी एकही जागा सोडली नाही.

पुढच्या महिन्याची भिशी रुचाच्याच घरी होती. राजस म्हणाला, "आई, नक्की सांगणारेस?" "नक्की," नीलाताई म्हणाल्या, आणि चहा यायच्या आधीच बोलायला लागल्या. कसा चेक आला, कसा तो उजेडात धरला, कशी ऐट मिरवली, काहीच वगळलं नाही. आवाज एकदाच कापला, पद्मिनीबाईंना आपणच नंबर दिला हे सांगताना. "कुणी आधी चेक पाठवून कार्डं घ्यायला सांगितली," त्या म्हणाल्या, "तर तो चोर. मग तो चेक मी पास केला असला तरी तो चोरच."

मग त्यांनी खणाची पिशवी टेबलावर ठेवली. "हे काम आता दुसऱ्या कुणीतरी करा. माझ्या हातात शोभत नाही."

राजस जिन्यातच थांबला होता. पद्मिनीबाई उठल्या. त्या नेहमी कोऱ्या नोटा आणायच्या, पण आज त्यांनी पर्समधून चेकबुक काढलं. टेबलावर ठेवून, सगळ्यांसमोर, सावकाश चेक लिहिला, फाडला आणि नीलाताईंच्या हातात दिला.

"धरा उजेडात," त्या म्हणाल्या. "आणि समोरची बँक पैसे देईपर्यंत थांबा हं. तुमच्याइतकं आता थांबणार कोण?"

बायका खो खो हसल्या. नीलाताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. मग त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर ओढली आणि चेक आत ठेवला.

त्या महिन्याची भिशी पहिल्यांदाच उशिरा दिली गेली. बँकेतल्या अधिकाऱ्याने चेक वटल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत नीलाताईंनी पिशवीची गाठ सोडली नाही, आणि जिची पाळी होती तिने एका शब्दाने तगादा लावला नाही.