धोटे थांबायला तयार होता

धोटे गेल्याची बातमी मला धोट्याच्याच नावाने आली. हिंजवडीतल्या ऑफिसात मीटिंग चालू होती. टेबलावरचा फोन थरथरला, पडद्यावर त्याचं नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. गेली काही वर्षं मी हेच करत आलो होतो... धोटेच आहे, सावकाश बघू. मीटिंग संपली, जेवण झालं, जिन्यात एक-दोघांशी गप्पा झाल्या आणि मग मेसेज उघडला. तो त्याच्या मुलीने, मृण्मयीने, त्याच्या फोनवरून पाठवला होता. 'काका, बाबा सकाळी गेले. दुपारी नेणार आहोत.' हिंजवडीच्या गर्दीतून धायरीला पोचलो तोवर सगळे स्मशानातून परत येऊन, अंघोळी करून बसले होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला सांगितलं. उशीर का झाला, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मनोहर धोटे यवतमाळकडचा. देशाची दारं उघडली, परदेशातली कामं पुण्यात यायला लागली आणि संगणक शिकलेल्याला इथे नोकरी मिळते अशी हवा झाली, त्या दिवसांत तो एक पत्र्याची पेटी घेऊन बिबवेवाडीत राहायला आला. मी दोन गल्ल्या सोडून राहायचो. कंपनी एकच निघाली, मग स्कूटर माझी आणि पेट्रोल त्याचं असा करार झाला. पहिल्याच सकाळी त्याने विचारलं, "काय करून राह्यला, साठे?" मी पुणेरी खवचटपणाने म्हटलं, "आधी करू द्या, मग राहतो." त्यावर तो मनापासून हसला. "राहाले जागा देत नाही अन् वरून बोलनंही मोजून देता बे तुम्ही पुण्याचे!" तेव्हापासून मी त्याचा 'साठ्या' झालो. लग्न, मुलं, कर्जाचे हप्ते, सगळं आम्ही त्या स्कूटरवर मागेपुढे बसून बोललो आहोत.

आमच्या दोघांच्या हातून मिळून एक मोठं काम झालं. एका ग्राहकाचा सगळा डेटा एकाच अवाढव्य यंत्रावर होता. ते बसलं की धंदा बसायचा. तो डेटा बऱ्याच लहान यंत्रांवर वाटायचा, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या यंत्रांवर ठेवायच्या, म्हणजे एखादं बंद पडलं तरी बाकीची सांभाळून घेतील. अशा जथ्याला क्लस्टर म्हणतात. एखादी प्रत दुसऱ्या शहरात ठेवायचा खर्च करायला ग्राहक तयार नव्हता. एकच डेटा सेंटर, एकच गारठलेली खोली. धोटे म्हणाला, "घर एक असू दे, चुली येगळ्या मांडू." तिन्ही प्रती वेगवेगळ्या रॅकवर, म्हणजे यंत्रांच्या वेगवेगळ्या कपाटांत, जातील आणि प्रत्येक रॅकला वीज वेगळ्या वाटेने येईल, हे त्याने भांडून करून घेतलं. कानटोपी घालून तो तिथे जमिनीवर पालथा पडायचा आणि वायरी ओढताना स्वतःशीच बडबडायचा, "एवढी थंडी आमच्या यवतमाळले मंजूरच नाही."

आमचा खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. ही यंत्रं सतत एकमेकांची विचारपूस करत असतात... आहेस ना, आहेस ना. एखाद्याने उत्तर दिलं नाही, तर बाकीच्यांनी किती वेळ थांबायचं आणि मग त्याला मेलेलं धरून त्याचं काम आपसात वाटून घ्यायचं, हे माणसाने ठरवून द्यावं लागतं. मी प्रमुख होतो आणि मला ग्राहकाला वेग दाखवायचा होता. मी म्हटलं, अजिबात थांबायचं नाही. धोटे म्हणाला, "गप्प हाये म्हणून मेला समजाचं काय बे? हातात काम असंन त्याच्या." मी ऐकलं नाही. चाचणीच्या दिवशी भार वाढला तसं एक यंत्र कामात बुडून गप्प झालं. बाकीच्यांनी त्याला मेलेलं धरलं आणि त्याचा भार आपल्या अंगावर घेतला. त्या भाराने दुसरं गप्प झालं, मग तिसरं. ग्राहकाच्या माणसांसमोर चांगली धडधाकट यंत्रं एकामागून एक रांगेने बाद झाली. मी मान खाली घालून बसलो होतो. धोटे कानाशी येऊन एवढंच म्हणाला, "साठ्या, जित्या माणसाले खांदा देला आपण." मग त्याने थांबण्याची मुदत वाढवली आणि क्लस्टर उभा राहिला. त्या कामावर मला बढती मिळाली. त्याने माझ्यासाठी पेढे आणले आणि ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

पुढे मी वर चढत गेलो आणि त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झालं, नोकरी सुटली, तो धायरीला मुलीच्या कॉलेजजवळ राहायला गेला. रविवारी त्याचा मेसेज यायचा, 'काय करून राह्यला?' सुरुवातीला मी लांबलचक उत्तरं द्यायचो. मग नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवायला लागलो. मग तेही नाही. मला त्याच्या आजाराचं ऐकवत नव्हतं, हे खरं कारण. वेळ नव्हता हे सांगायचं कारण. एकदा त्याचा फोन आला, मी कापला आणि फोनमध्ये तयार असलेलं 'नंतर बोलतो' पाठवून दिलं. त्या दिवशी तो दवाखान्यात भरती होत होता, हे मला मागाहून कळलं... कळल्यावरही मी गेलो नाही. आता कोणत्या तोंडाने जायचं, असं म्हणत दिवस ढकलले.

तेरावा झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. मनात एकच प्रश्न होता आणि एक उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. धोटे कुणाला इतक्या सहज सोडणारा नव्हता, माझ्याबद्दलही म्हणाला असेल, कामात असेल तो. वहिनींनी तेवढं सांगितलं की मी सुटणार होतो. मी विचारलं, "शेवटी माझी आठवण काढायचा का?"

वहिनींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू भाऊजी... आधी फार काढायचे. मी चिडायची, कशाला मेसेज करता त्यांना, तर मलाच रागवायचे. शेवटच्या महिन्यात नाही काढली. मृण्मयीने एकदा विचारलं, काकांना कळवू का? म्हणाले, राहू दे."

मी उठायला लागलो तर त्या म्हणाल्या, "बसा, चहा टाकलाय." आणि मला गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे दोन खुर्च्या होत्या. एक त्याची, वेताची, बसून बसून खोलगट झालेली. दुसरी उंच, सरळ पाठीची, तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. "ही तुमच्यासाठी आणली होती त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "इकडे राहायला आलो तेव्हाच. साठ्याची पाठ दुखते, त्याला वेताची चालत नाही म्हणून. कुणाला बसू द्यायचे नाहीत. मग दवाखान्यातून आले आणि एक दिवस आपणहून म्हणाले, कपडे ठेवत जा तिच्यावर, जागा अडून राहिलीय."

आता मी दर रविवारी धायरीला जातो. फोन बंद करून जातो. वहिनी ढीग उचलतात, मी त्या खुर्चीत बसतो, चहा पितो. पाठीला ती अगदी बरोबर बसते. मी निघालो आणि चपला घालून मागे वळून पाहिलं, की वहिनी गॅलरीत कपडे पुन्हा खुर्चीवर ठेवत असतात.