गौतमभाऊंची हलकी सायकल

समोर आलेली कोणतीही वस्तू गौतमभाऊ आधी उचलून बघत. जेवणाचा डबा असो, फाइल असो की कुणाचं तान्हं पोर असो, हातात घ्यायचं, जरा वर-खाली करायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. मी घोडेगावला पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पहिल्याच दिवशी हा उंच, वाळका, खाकी पँटीतला माणूस माझ्या टेबलापाशी आला, माझी पर्स उचलली आणि म्हणाला, "ताई, लई जड हाय. रोज वागवता व्हय हे?" ओळख नाही, पाळख नाही, आणि बाईमाणसाच्या पर्सला हात! मला भयंकर राग आला. घरी जाऊन मी ती पर्स गादीवर ओतली, तर निम्मा कचरा निघाला. तो टाकून दिला आणि मग त्याचाही राग आला.

गौतमभाऊ जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मोडलेल्या पायाला पट्ट्या बांधायच्या आणि डोंगराकडच्या गावांना लसी पोचवायच्या, हे त्यांचं काम. पण तिकडची भाताची खाचरं करणारी माणसं त्यांना 'डॉक्टर'च म्हणत, आणि ती चूक दुरुस्त करायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. उचलून बघायची खोड तिथलीच. करडू हातावर तोलून औषध किती पाजायचं ते ठरवत. "हातानं बगावं, ताई. डोळा लबाड असतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

त्यांची काळी, लोखंडी, बावीस इंची सायकल तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. कॅरिअरवर बर्फाची पेटी, पेटीत लस. पण पेटी एकटी कधी गेली नाही. "डॉक्टर, एवढं तिकडं जाताच हाय तर" म्हणत लोक त्यांच्यापुढे उभे राहत. कुणाची गोळ्यांची पुडी, कुणाच्या लग्नाच्या पत्रिका, दुरुस्त केलेला स्टोव्ह, एकदा तर पिठाच्या गिरणीचा पट्टा. नाही म्हणणं त्यांना येतच नसे. मी एकदा चिडून म्हणाले, "भाऊ, तुम्ही सरकारी नोकर आहात की एस.टी.?" ते म्हणाले, "एस.टी.ला सुट्टे लागत्यात, ताई." आणि पट्टा आवळून डिंभ्याच्या चढाला लागले. बहुतेक चढ ते सायकल ढकलतच चढत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करेल? घरचं थोडं शेत होतं, मुलगी सुजाता पिंपरीला नोकरीत स्थिरावली होती. आम्हाला वाटलं, आता म्हशी पाळतील. त्याऐवजी एका सकाळी ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "ताई, कार्बनची सायकल म्हंजे काय असतं?" मला कार्बन म्हटलं की टाइपरायटरच्या कागदात घालायचा निळा कार्बनच आठवला. मी ड्रॉवर उघडून तोच दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, तोलला आणि म्हणाले, "एवढी हलकी नसंल."

झालं होतं असं, की टीव्हीवर परदेशातल्या सायकलशर्यतीत एकाची सायकल बंद पडली आणि त्यानं ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. शर्यत कोण जिंकलं हे भाऊंना माहीत नव्हतं. ती दोन बोटं मात्र डोक्यातून जाईनात. सुजाताच्या ऑफिसात एक सायकलवेडा मुलगा होता. त्यानं चीनहून बिननावाचा कार्बनचा सांगाडा मागवला होता आणि तो त्याला उंचीला मोठा पडला. बऱ्या म्हशीपेक्षा स्वस्तात तो भाऊंना मिळाला. खोक्यातून निघाला तेव्हा मी तिथं होते. काळा, मंद, कुठे जोड नाही, कुठे नाव नाही. भाऊंनी तो उचलला आणि पहिल्यांदाच त्यांना निकाल देता आला नाही. परत उचलला. मग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमीच सांगा, ताई. मला काय कळंना."

मलाही कळेना. हे वय काय, रस्ते काय, आणि हा सोस कशासाठी? मी विचारत राहिले आणि दर वेळी वेगळं उत्तर ऐकत राहिले. कमलवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगितलं होतं की गुडघ्यांना बरं. स्वतःच्या डॉक्टरांना सांगितलं, हृदयाला बरं. एस.टी. स्टँडजवळच्या सायकल दुकानातल्या रघूला सांगितलं की शर्यतीत उतरणार. मला मात्र एकदा म्हणाले, "नुसतं जायचंय, ताई. घोडेगावातून निगायचं, डिंभ्याच्या पुढं चढावर जायचं. मागं वझं नाय, म्होरं वझं नाय. येकदाच." मी म्हटलं, मग एस.टी.नं जा की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले, पण समजलं होतं असं नाही.

सायकल जुळवायचं काम रघूकडे आलं. रघू म्हणजे पंक्चरवाला, भाड्याने सायकली देणारा, आडदांड आणि मायाळू माणूस. त्याची पहिली सायकल भाऊंनीच त्याला जुनी म्हणून देऊन टाकली होती, त्यामुळे भाऊंचं काम म्हणजे त्याला घरचं कार्य. मालाचा एकेक भाग पुण्याहून येई आणि बहुधा चुकीचाच येई. पेडलच्या आसाचे कप आले ते रुंदीला मोठे. परत पाठवले, तर लहान आले. गिअरची तार नळीच्या आतून न्यायची होती. ती आत गेली आणि बाहेर यायचं नाव घेईना. आम्ही तिघं एक अख्खा रविवार त्या भोकात आळीपाळीने डोळा लावून बसलो होतो. शेवटी कमलवहिनी चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला, सांगाडा उचलून उलटा केला आणि सुपासारखा पाखडला. तारेचं टोक टपकन बाहेर आलं. "येवडी हलकी हाय म्हनता, मग हालवून बगायचं का नाय?" एवढं म्हणून त्या आत गेल्या.

खरं भांडण झालं ते आवळण्यावरून. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की कार्बनला जास्त आवळू नका, तडा जाईल. किती आवळायचं त्याचा आकडाही होता, पण तो मोजायचा पाना आमच्या तालुक्यात कुणाकडे नव्हता. मी हायस्कूलच्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारून आले. त्यांनी कांदे तोलायचा ताणकाटा पान्याला अडकवून ओढायची युक्ती सांगितली, ती निघाल्यावर अर्ध्या रस्त्यात मी विसरले. रघूला ते सगळंच पटत नव्हतं. त्याचा साऱ्या आयुष्याचा धर्मच मुळी वेगळा. "ढिला नट म्हंजे मरणाला आवतान," तो म्हणे. पाना हातात आला की दात-ओठ खाऊन, गुडघा टेकवून शेवटचा पीळ द्यायचा, याला तो काम म्हणत असे. भाऊ शेजारी उकिडवे बसून म्हणत, "बास, रघू. बास, बाबा. वासरू हाय." मग तो नाइलाजाने पाना सोडी.

शेवटी सायकल उभी राहिली. म्हणजे उभी राहिली नाहीच, भिंतीला टेकवावी लागली, आणि रघूच्या डोळ्यांत तेच सलत होतं. एवढी महागामोलाची सायकल आणि स्टँड नाही? बाजारात लोक विचारत, "डॉक्टर, गाडीला पाय इसरले का?" भाऊ नुसते हसत. वाण्याच्या पोत्यांच्या काट्यावर ती ठेवून पाहिली, तर काट्याने दखलच घेतली नाही. वाणी म्हणाला, "आधी माल तर ठिवा, राव." त्या दिवसाइतके खूश भाऊ मी कधी पाहिले नव्हते. एका बोटावर सायकल तोलत ते बाजारातून चालत गेले.

येत्या रविवारी जायचं ठरलं. त्याआधी भाऊ कळंबला भाचीच्या लग्नाला गेले आणि चेन तेवढी नीट बसवायला सायकल रघूकडे ठेवून गेले. शनिवारी संध्याकाळी ती आणायला निघाले तेव्हा मी बाजारातच होते, म्हणून बरोबर गेले. दुकानाच्या मधोमध सायकल आपल्या पायावर उभी होती. झेंडूची माळ घातलेली. रघूनं मागच्या दोन नळ्यांना चिमटा घालून जाडजूड लोखंडी स्टँड बसवलं होतं. "माझ्याकडनं भेट, डॉक्टर," तो म्हणाला. "आसं बशिवलंय, की जलमात हालणार नाय."

भाऊ खाली बसले. मोडका पाय चाचपावा तसा त्यांनी त्या नळीवरून अंगठा फिरवला. स्टँडच्या चिमट्याजवळ अंगठा थांबला. त्यांनी हळूच दाबलं. अगदी बारीक, वाळक्या काडीसारखा आवाज झाला. मला तो ऐकू आला. रघू तेव्हा कुणाच्या तरी चाकात हवा भरायला वळला होता.

भाऊ उठले. "ब्येस झालं, रघू," ते म्हणाले. "आता भित हुडकाया नको." आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "हाड मोडलंय, ताई. नळी चेपली. ह्यावर बसायचं नाय आता." मग चालता चालता म्हणाले, "हे तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या." मी उसळलेच. म्हटलं, त्याला सांगा, त्याला कळलं पाहिजे, दुसरा सांगाडा मागवता येईल, निदान ती धोंड तरी काढून टाका. त्यांनी एकच वाक्य परत परत म्हटलं, "त्यानं पिरमानं आवळलंय, ताई." माझा संताप संताप झाला. ज्या माणसाला जन्मभर कुणाला नाही म्हणता आलं नाही, त्याला आता स्वतःच्या मोडक्या सायकलीबद्दलही बोलता येत नव्हतं. हा चांगुलपणा की भित्रेपणा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही.

रविवारी ते गेले, पण काळ्या लोखंडी सायकलवरून. रघूला सांगितलं, आधी जुनीला निरोप देऊन येतो. कॅरिअर तेवढं काढून ठेवलं होतं. दुपार कलल्यावर परत आले ते मला रस्त्यातच भेटले. हँडलच्या एका बाजूला नव्या तांदळाचं गाठोडं, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी बिघडलेला रेडिओ, आणि शर्टाच्या आत एक आजारी कोंबडी. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "डिंभ्यापत्तुर नुसता गेलो, ताई. लई भारी वाटलं. म्होरं लोकांनी वळाकलं."

त्यानंतर दर आठवडी बाजाराला गौतमभाऊ ती कार्बनची सायकल हाताने ढकलत रघूच्या दुकानी न्यायचे, हवा भरून घ्यायचे, दोन गोष्टी बोलायचे आणि ढकलतच परत आणायचे. रघू विचारी, "कशी पळती, डॉक्टर?" भाऊ म्हणत, "पाखरू हाय." मी ऑफिसच्या खिडकीतून हे बघायची आणि मला हसावं की रडावं कळायचं नाही. एवढा खटाटोप कुणी एका खोटेपणासाठी करतं? कमलवहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय इचारता, बाई. तीस वर्सं झाली, मी सोडून दिलं इचारायचं."

दोन हजारचं दशक संपता संपता एका सकाळी शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गौतमभाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला डोंगराकडून इतकी माणसं आली की अंगणात बसायला जागा पुरेना. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतंच. तांदूळ, नाचणी, हिरड्याची पिशवी. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. कुणी त्यांच्या लसींबद्दल बोललं, कुणी गिरणीच्या पट्ट्याबद्दल. मला बोलायला सांगितलं, तर मला पर्सशिवाय काही आठवेना. मी रडले आणि खाली बसले.

जेवणं झाल्यावर ओटीवर मी आणि रघू तेवढे उरलो. ओटीच्या कोपऱ्यात सायकल उभी होती, त्याच स्टँडवर. रघू तिच्याकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "शेवटचा पीळ दिला ना, तवाच कट्‌कन वाजलं व्हतं."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माळ आदीच घातली व्हती. तेवड्यात डॉक्टर आले, तुमीबी व्हता. घाबरून त्वांडाला आलं ते बोललो आन पाठ फिरवली. ते म्हणले, ब्येस झालं. मला वाटलं, त्यांना कळलंच नाय. उद्या घाटात पडले म्हंजे? रातभर डोळा लागला नाय. सकाळी सांगाया निगालो, तर ते जुन्या सायकलवर निगालेले. मग दर बाजाराला हवा भराया यायचे. टायराच्या मदी नवेपणाची रबराची रेघ असती, सायकल येक दिवस चालवली तरी ती पुसती. ती तशीच्या तशी. म्हंजे चालवीत नाय, हे मला दिसायचं. तरी मी इचारायचो, कशी पळती. आन ते म्हणायचे, पाखरू हाय."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. रघूनं माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यांना ठाव व्हतं का, ताई? तुमाला काय म्हणले व्हते का?"

भाऊंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, ते रघूला ओझं नको म्हणून. आता त्या माणसाचं ओझं कशानं कमी होणार होतं, हो म्हटल्याने की नाही म्हटल्याने, हे मला खरोखर समजत नव्हतं. उचलून बघणारा तर गेला होता.

"म्हणाले होते," मी शेवटी सांगितलं. "म्हणाले, त्यानं पिरमानं आवळलंय."

रघू उठला, सायकलपाशी गेला, पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हवा उतारली हाय," तो म्हणाला, आणि एका हाताने ती अलगद उचलून दुकानाकडे निघाला.