माझी मठ्ठ कातडी

शेणव्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि ट्रेनिंग कॉलेजात माझा आरोग्यशास्त्राचा पेपर फार चांगला गेला होता. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की आसपासच्यांनी जरा जपून राहावं. शेणव्याच्या लोकांना हे कुणी सांगितलं नाही.

लढाईचे दिवस होते. मी एका शेतकरी घराच्या पडवीत राहत होतो. घरात काकी, त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा (तो लवकरच माझा दोस्त झाला), सून आणि तीन वर्षांचा नातू. सुनेला मी वहिनी म्हणे. तिला आठवा लागला होता. वाडीवरची म्हातारी सुईण, जिला सगळे बाय म्हणत, एक दिवसाआड येऊन तिची कंबर आणि पाय तेलानं चोळून देई. पहिल्या खेपेला पोर आडवं आलं होतं. सुईणीनं ते बाहेरून हातानं फिरवून सरळ केलं, म्हणून मायलेकरं वाचली. वहिनीचा देवाखालोखाल तिच्यावर भरवसा होता, आणि देव मागे पडला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

पौषात मी मुरबाडकडे म्हसा गावच्या जत्रेला गेलो. तिथे तीन रात्री एका ओळखीच्या गाडीवानाच्या घोंगडीत शिरून काढल्या. तो सारखा अंग खाजवायचा. मला वाटलं, घोंगडी टोचत असेल.

परत आलो. पडवीत थंडी मरणाची, म्हणून मी, काकींचा मुलगा आणि त्याचं पोर एकाच गोधडीखाली झोपायचो. आठवडाभरात माझा दोस्त बोटांच्या बेचक्यांत खाजवू लागला. मग पोर, मग वहिनी, मग काकी. सगळं घर कराकरा खाजवतंय आणि मी मध्ये बसून भाकरी खातोय, असं चित्र होतं.

"मास्तर, तुमाला कसं कायच होत नाय?" काकींनी विचारलं.

"मी रोज कार्बोलिक साबणानं अंघोळ करतो काकी. स्वच्छ कातडीवर किडा ठरत नाही."

"आमी काय चिखलात लोळतो व्हय?"

मी समजूतदारपणे हसलो. ते हसू आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तपास सुरू केला. खरूज बाहेरून येते. मग बाहेरून घरात येऊन अंगाला हात कोण लावतं? सुईण. ती आणखी किती घरांत जाते? पाच-सात. झालं तर! मी काकींना हे फळ्यावर गणित सोडवावं तसं सोडवून दाखवलं. काकींचं मन होत नव्हतं, पण मास्तर शिकलेला.

दुसऱ्या दिवशी अंगणात दहा माणसांसमोर काकी सुईणीला म्हणाल्या, "बायो, खरूज जाईस्तवर येऊ नको गो."

म्हातारीनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बघा मास्तर, काय हाय माज्या हाताला?"

"ते डोळ्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

तिनं तेलाची वाटी उचलली आणि ती निघून गेली. चार दिवसांत आणखी तीन घरांनी तिला दारातून परत पाठवलं. मास्तरांनी सांगितलंय म्हणून.

वहिनीनं रडून घर डोक्यावर घेतलं. "या खेपेलापन पोर आडवं आलं तर? ती नसली तर मी नाय वाचायची." शहापूरला दवाखाना होता, पण कळा सुरू झाल्यावर बैलगाडीत घालून त्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे दवाखान्याच्या दारात काय पोचेल याची कुणालाच खात्री नव्हती. मी तिला धीर दिला, की तोवर खरूज जाईल.

सुईण बंद झाली, खाज काही बंद होईना. याचा अर्थ काय, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. मी सगळ्यांच्या अंघोळीच्या पाण्यात घालायला लावलेला कडुलिंबाचा पाला दुप्पट केला.

जत्रेला महिना-सव्वा महिना झाला असेल. मी चौथीला त्रैराशिक शिकवत होतो आणि खडू धरलेल्या बोटांत एकदम आग पेटली. मग मनगट. मग कंबर. पोरांकडे तोंड करून शिकवावं तर चेहरा वेडावाकडा होतो, पाठ करावी तर हात मागे जातो. शेवटी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि त्या आवाजाच्या आडोशाला मनसोक्त खाजवलं.

चार दिवस लपवलं. पाचव्या दिवशी दोस्तानं पाहिलं.

"काय मास्तर, साबण संपला का?"

"कुठून लागली कुणास ठाऊक," मी पुटपुटलो.

"बाय तर म्हैना झाला घरात आली नाय. मंग तुमाला कोनी दिली?"

आतून वहिनी म्हणाली, "भावजी, तिला घेऊन या. तुमी घालवली, तुमीच आना."

वाडीवर गेलो तेव्हा म्हातारी शेणानं भिंत सारवत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हात दाव." महिन्याभरापूर्वी 'तुमी' होतो, आता 'तू' झालो. तिनं हात धुतले, माझी बोटं उन्हात फाकवली, बाभळीचा काटा घेतला आणि बेचक्यातल्या बारीक रेघेच्या टोकाला अलगद उकरलं. काट्याच्या अग्राला पांढरा ठिपका आला. तो तिनं माझ्या नखावर ठेवला. ठिपका चालू लागला.

"ह्यो बघ तुजा पावना. डोळ्यांना दिसतो का नाय?"

"दिसतो," मी म्हणालो.

जत्रेचा, गाडीवानाचा सगळा कबुलीजबाब तिनं ऐकला आणि हसत खाली बसली. "अरं, पयल्यांदा होते त्याला म्हैनाभर कायपन कळत नाय. मागं होऊन गेली आसंल त्याला दोन दिसांत कळतं. काकीच्या घरात दोन सालामागं झाली व्हती, मीच तेल दिलं व्हतं. त्यांची कातडी शानी, लगेच वरडली. तुजी मठ्ठ."

पुढे शहापूरच्या एका डॉक्टरांनी मला हेच अधिक शब्दांत सांगितलं. खाज किडा देत नाही. कातडीच्या आतले राखणदार बोंब मारतात, ती खाज. नव्या चोराला ओळखायला त्यांना चार-सहा आठवडे लागतात. तोवर चोर घरभर हिंडतो आणि घरमालक साबणाचं कौतुक सांगत बसतो. पण एकदा ओळख पटली की ते विसरत नाहीत. सापगावच्या शाळेवर असताना मला पुन्हा खरूज लागली, तेव्हा दुसऱ्या दिवशीच अशी बोंब उठली की मी शाळेला कुलूप लावून सरळ करंजाचं तेल आणायला गेलो. माझ्यापेक्षा माझी कातडी लवकर शिकली.

"मग येशील ना?" मी म्हातारीला विचारलं.

"मला घालवली तवा आंगनात दहा मानसं व्हती. तेवढी तरी गोळा कर."

दहाची पंचवीस झाली. म्हातारीनं मला लंगोटीवर उभं केलं आणि करंजाच्या तेलात गंधक कालवून गळ्यापासून तळव्यांपर्यंत चोपडलं. पिवळा धमक, वास असा की पुढची रांग आपोआप मागे सरकली. त्या अवतारात मी म्हणालो, "खरूज मी आणली. हिच्या हातांनी नाही."

"आइकू नाय आलं, मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं. आवाज माझ्याच चौथीतला होता. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणावं लागलं. ज्या तीन घरांनी तिला परत पाठवलं होतं त्यांतल्या बायका पुढे आल्या आणि आपल्या पोरांनाही तेल द्या म्हणाल्या. मग सगळ्या घराला तीन दिवस तेल, कपडे उकळत्या पाण्यात, गोधड्या उन्हात.

शिमग्याच्या आधी एका सकाळी वहिनीच्या कळा सुरू झाल्या. पोर पुन्हा आडवंच होतं. मी आणि दोस्त अंगणात लाकडं फोडत होतो. चुलीला चार पुरली असती, आम्ही गाडीभर फोडली. आतून म्हातारीचा शांत आवाज येत होता, "घाई नाय गो, घाई नाय, फिरतंय." सूर्य डोक्यावर आला तेव्हा पोर रडलं. मुलगी. वहिनी थकलेल्या आवाजात पाणी मागत होती, ते ऐकून दोस्त कुऱ्हाडीसकट खाली बसला.

म्हातारी बाहेर आली. बारा दिवस ती आता इथेच राहणार होती. तिनं पडवीकडे पाहिलं, माझ्या वळकटीकडे पाहिलं आणि काकींना म्हणाली, "बाळंतीन हाय घरात. बारा दिस मास्तर नको."

काकी माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "बरं गो," म्हणाल्या.

वळकटी घेऊन मी शाळेत राहायला गेलो. दोस्त रोज भाकरी आणून द्यायचा आणि मुलगी कशी दूध पिते ते सांगायचा. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "अरे, माझी खाज तर कधीच गेली."

"मंग तसं बायला सांगा की."

सांगायला मी काही गेलो नाही.