मामांच्या विरुद्ध बोली

आमच्या मामांना कुणाला सहज पैसे देताना दिल्लीतल्या एकाही माणसाने पाहिलेलं नाही, आणि मामांच्या पैशाशिवाय उभं राहिलेलं एकही मराठी काम दिल्लीत सापडणार नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांचा मेळ घालताना आमच्या सगळ्या नातेवाइकांचे केस पांढरे झाले. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तरुणपणी सरकारी कचेरीत कारकून म्हणून दिल्लीला आले, करोल बागेतल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानदारांना भांडवल पुरवता पुरवता एक दिवस नोकरी सोडली, आणि मी जावई म्हणून घरात शिरलो तोवर त्यांची स्वतःची मोठी फायनान्स कंपनी आणि नोएडात बंगला झालेला होता. मी त्यांच्याकडून आयुष्यात कधी एक रुपया घेतला नाही. तरीही त्यांच्यासमोर बसलो की आपण कुणाचं तरी कर्ज बुडवून पळालो आहोत आणि आता पकडले जाणार, असं मला वाटायचं. तसं ते बघायचेच.

कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद मामा सगळ्यात शेवटी बघत. आधी न कळवता त्याच्या घरी जात, पाणी मागत, आणि पाणी येण्याची वाट न पाहता स्वतःच उठून स्वयंपाकघरात शिरत. माणसाची खरी ऐपत ओट्यावर दिसते, हा त्यांचा सिद्धांत. कुणाच्या ओट्यावर चार तऱ्हेची महागडी लोणची आणि डब्यात तांदूळ मात्र संपलेला दिसला, की त्याचं कर्ज नामंजूर. ही सवय त्यांना इतकी जडली होती की ज्यांनी काही मागितलेलं नाही अशांचीही तपासणी व्हायची. आमच्या द्वारकेच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच त्यांनी फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातली काळी पडलेली कोथिंबीर दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि मला म्हणाले, "जावईबापू, पगार चांगला दिसतो, पण लक्ष नाही. मी तुम्हाला कर्ज दिलं नसतं." मी म्हटलं, मी मागितलंच कुठे. ते म्हणाले, "बिल्कुल. म्हणून तर अजून आपले संबंध चांगले आहेत."

स्वतःच्या बाबतीत तर विचारायलाच नको. करोल बागेत गाडी लावायला पैसे पडतात ही गोष्ट त्यांनी कधी मान्य केली नाही. रस्ता सरकारचा, गाडी माझी, मधल्या माणसाला कशाबद्दल द्यायचे, असा त्यांचा सवाल होता. त्यामुळे त्यांचं काम होईपर्यंत ड्रायव्हर गाडी घेऊन बाजाराभोवती चकरा मारत राहायचा. पार्किंगच्या कितीतरी पट पेट्रोल जळतं, हे मी एकदा हिशेब मांडून दाखवलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. पण पेट्रोल जळताना कुणी मला फसवल्यासारखं वाटत नाही." देणगी मागायला येणाऱ्यांचे हाल तर याहून वाईट. एका संस्थेची मंडळी हार-तुरे घेऊन आली आणि नव्या इमारतीवर मामांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं म्हणाली. मामांनी संगमरवराचा भाव विचारला, पाटीची लांबी-रुंदी विचारली, आणि तेवढ्या दगडात संडासाची फरशी होईल, ती आधी करा, असं सांगून चहा पाजून परत पाठवलं. हारसुद्धा परत दिला.

मग कामं उभी कशी राहिली? तर लिलावातून. आमच्या मंडळाच्या गणपतीत शेवटच्या दिवशी, दुपारच्या आरतीनंतर आणि विसर्जनाच्या आधी, कलशावरच्या नारळाचा लिलाव होतो. ज्याची बोली सगळ्यात मोठी, त्याचा नारळ, आणि तो पैसा त्या वर्षीच्या कामाला. मामा वर्षभर कुणाला दाद देत नसत, पण या लिलावाला मात्र धुतलेला झब्बा घालून पहिल्या रांगेत बसत. त्यांचं म्हणणं असं की दान दिलं की घेणारा आभार मानत बसतो आणि देणारा ते ऐकत बसतो, दोघंही बिघडतात. लिलावात माणूस जिंकण्यासाठी पैसे टाकतो, त्यात उपकार कुणाचेच नाहीत. पण त्यांची एक अट होती. समोरून बोली वाढल्याशिवाय ते आपला आकडा वाढवत नसत. "समोर कुणी नसताना स्वतःच भाव चढवायला मी काय वेडा आहे का?" असं ते विचारायचे. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या समोर उभं राहणार कोण? तर मामी.

मामी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसायच्या. मामांनी चहाच्या बिलाएवढा एखादा आकडा बोलून सुरुवात केली की त्या डोक्यावरचा पदर सारखा करत त्याच्या दुप्पट बोलायच्या. मामा वाढवायचे, मामी आणखी वाढवायच्या. नव्याने दिल्लीला आलेल्या एका गृहस्थांनी न राहवून विचारलं होतं, की अहो, पैसे शेवटी एकाच घरातून जाणार ना. मामी म्हणाल्या, "घर एक असलं म्हणून काय झालं, हौस माझी वेगळी आहे." त्या वर्षी मंडळाला किती लागणार हे मामींना सगळ्या बायकांकडून आधीच कळलेलं असे, आणि त्या आकड्यापाशी आल्या की त्या गप्प होत. नारळ मामांचा व्हायचा. घरी नेऊन तो मामींच्या हातात दिला, की पुढे दोन दिवस मामा घरात फुगून बसायचे, तुझ्यापायी महाग पडला म्हणून. या खेळाबद्दल नवरा-बायकोत कधी आधी बोलणं झालं असेल, असं मला वाटत नाही. मला त्या दोघांचा फार हेवा वाटायचा.

मग एका हिवाळ्यात मामी वारल्या, आणि पुढच्या गणपतीआधी मंडळाच्या मुलींच्या वसतिगृहावर संकट आलं. हे वसतिगृह करोल बागेत एका जुन्या इमारतीत आहे. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला दिल्लीत येतात, त्या तिथे राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या वानखेडेबाई ते चालवतात. त्या स्वतः अशाच कधीतरी एकट्या दिल्लीला आल्या होत्या आणि पहिलं वर्ष कुठे कुठे राहून काढलं होतं, म्हणून त्यांचा जीव त्या खोल्यांत अडकलेला. मालकाने इमारत विकायला काढली. मंडळाला पहिली संधी देतो म्हणाला, पण विसर्जनानंतरच्या सोमवारपर्यंत इसार हातात पडला तरच. उरलेल्या रकमेला बँक तयार होती. इसार मात्र आमचा आम्हालाच उभा करायचा होता. नाहीतर एक कापडवाला गोदामासाठी टपून बसलेला होता, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलींना बाहेर पडावं लागलं असतं. वानखेडेबाई मामांकडे गेल्या. मामांनी त्यांना चहा दिला, मुलींची नावानिशी चौकशी केली आणि म्हणाले, "बाई, मागू नका. लिलावाला बघू." बाई निश्चिंत झाल्या. आम्ही सगळेच झालो.

लिलावाच्या दिवशी हॉल भरला होता. मुली मागे पंक्तीची पानं पुसत बसल्या होत्या. मामा पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूच्या त्या खांबापाशी मात्र कुणी नाही. लिलाव पुकारण्याचं काम मंडळाचे कार्यवाह सहस्रबुद्धे यांचं. ते माझ्याजवळ आले आणि समाधानाने हळूच म्हणाले, "मी ग्रुपवर सगळ्यांना सांगून ठेवलंय. मामांचं दुःखाचं वर्ष आहे, यंदा कुणी त्यांच्यावर बोली चढवायची नाही. त्यांना नारळ सहज मिळू दे."

मी म्हटलं, "अहो सहस्रबुद्धे, मग आकडा वाढणार कसा?"

त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. चांगुलपणाच्या भरात एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती, आणि ग्रुपवरच्या एकाही माणसाच्या आली नव्हती. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकून होकार कळवला होता. आम्ही मराठी माणसं इथे एकमेकांचं मन इतकं जपतो, की त्यात एखादं वसतिगृह जाऊ शकतं. आता एकेकाला जाऊन सांगायला वेळ नव्हता. गुरुजींनी नारळ ताटात ठेवून पुढे आणला होता, आणि मामांनी नेहमीचा चहाच्या बिलाचा आकडा बोलूनही टाकला होता.

सहस्रबुद्धे माइकपाशी गेले. "एक वार," ते म्हणाले आणि आशेने हॉलभर बघू लागले. लोक प्रेमाने मामांकडे बघत होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. मामा खाली मान घालून बसले होते. वानखेडेबाई पुढे होऊन उभ्या राहिल्या. "दोन वार," सहस्रबुद्धे म्हणाले आणि त्यांनी इतका मोठा श्वास घेतला की माइक शिट्टी वाजवू लागला.

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. माझ्या तोंडून दुप्पट आकडा बाहेर पडला होता. हॉलमध्ये नापसंतीची कुजबुज झाली. एक आजोबा मला "बसा हो, शोभत नाही," म्हणाले. मामांनी मागे वळून पाहिलं, तसंच, फ्रिज उघडल्यासारखं, आणि आकडा वाढवला. मी वाढवला. त्यांनी वाढवला. सुरुवातीला मी महिन्याच्या भाजीच्या हिशेबात होतो, मग मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये आलो, मग आमची गाडी ओलांडली. ही बायकांच्या बाजूने उठून येऊन माझा झब्बा खाली ओढत होती. "अहो, गाडीचे हप्ते अजून चालू आहेत," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. पण इसाराच्या रकमेपासून आम्ही अजून लांब होतो, आणि मामा मुंगीच्या पावलांनी वाढवत होते. शेवटी डोळे मिटून मी जवळजवळ इसाराएवढा आकडा बोलून मोकळा झालो. एवढे पैसे माझ्याकडे नव्हते, पुढे होतील अशीही चिन्हं नव्हती.

मामांनी आकडा वाढवला नाही.

सहस्रबुद्ध्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नाइलाजाने "एक वार" म्हणाले. मी मनातल्या मनात आमच्या फ्लॅटची बाल्कनी विकली. मामा समोर ताटाकडे बघत होते. इतकी वर्षं धंद्यात काढलेला माणूस, समोरच्याची ऐपत कुठे संपते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आपल्याला चांगलाच धडा शिकवायचा त्यांचा विचार असावा, असं मला वाटलं. "दोन वार." मी स्वयंपाकघर विकलं. हिने माझा झब्बा सोडून दिला होता आणि माझा हात घट्ट धरला होता. आमचं लग्न झाल्यापासून एवढा घट्ट हात तिने धरल्याचं मला आठवत नाही.

"सहस्रबुद्धे," मामा म्हणाले, "घाई कसली आहे?"

आणि त्यांनी आकडा सांगितला. इसार देऊन वर खोल्यांना रंग लावता येईल एवढा. मी खाली बसलो ते अक्षरशः कोसळलोच. वानखेडेबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, मागच्या मुलींना काय झालं ते नीट कळलं नाही, पण त्याही रडायला लागल्या. मामांनी कुणालाही पाया पडू दिलं नाही. नारळ उचलला आणि सरळ बाहेर चालते झाले.

ते वसतिगृह अजून आहे. मामांना जाऊनही आता काही वर्षं झाली, कंपनी त्यांच्या परदेशातल्या मुलाने विकली, नोएडातल्या बंगल्यात दुसरं कुणी राहतं. मामांच्या नावाची पाटी दिल्लीत कुठेही नाही. वसतिगृहातल्या नव्या मुलींना ही इमारत कुणामुळे राहिली हे माहीत नसतं, आणि मी सांगायला गेलो तर अच्छा अंकल म्हणून त्या अभ्यासाला पळतात. मामांना हे फार आवडलं असतं. मला मात्र कधी कधी राग येतो, आणि मग मला त्या दुपारची गाडी आठवते.

लिलावानंतर ही मंडळासोबत विसर्जनाला गेली, आणि मामांना घरी सोडायला त्यांच्या गाडीत मी बसलो. नारळ त्यांच्या मांडीवर होता. आता धोका टळल्यावर मला राग आला होता. मी म्हटलं, "मामा, यार, आणखी एक क्षण गेला असता तर मी रस्त्यावर आलो असतो."

मामा म्हणाले, "तुम्ही उठलात तेव्हाच मला कळलं होतं की तुमच्या खिशात काही नाही. मी काय तुम्हाला बुडू दिलं असतं?"

"मग एवढं थांबलात कशाला?"

सिग्नल पडला, गाडी थांबली, पुन्हा निघाली. मामांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "हा घरी नेऊन द्यायचा कुणाला, ते आठवेना मला."

मी पुढे वाकून ड्रायव्हरला हळूच सांगितलं की गाडी नोएडाला नको, आमच्याकडे द्वारकेला घे. मामांनी ते ऐकलं असावं, पण त्यांनी हरकत घेतली नाही.