आक्कानं बिघडवलेला काँप्युटर

पंचमीला माहेरी आलेली माझी थोरली बहीण, आमची आक्का, सासरी तलवाड्याला परत जाता जाता केजला माझ्या दुकानात थांबली आणि काउंटरवर पिशवी ठेवली. पिशवीत जुन्या साडीत गुंडाळलेला आमच्या शाळेतल्या सरांचा काँप्युटर होता. बघताक्षणी ओळखला.

"सरांची सून भंगारवाल्याला देत होती," आक्का म्हणाली. "मी म्हणले, द्या इकडं. आता तू नीट कर. सर लई थकलेत रे. त्यांच्या डोळ्यादेखत एकदा चालू करून द्यायचाय मला. मी बिघडवलेला हाय."

"बघतो," म्हणालो आणि उगीच एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलची काच पुसायला लागलो.

आजच्या पोरांना तो नुसता कीबोर्ड वाटेल. सगळं यंत्र त्या कीबोर्डाच्याच पोटात. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा. तेवढ्या वेळात घरी जाऊन चहा पिऊन यावं. आमच्या गावी, युसूफ वडगावात, आम्हाला गणित शिकवणाऱ्या सरांनी तो हैदराबादच्या कुणा नातेवाइकाकडून वापरलेला आणला होता, आणि शाळा सुटली की ते आम्हा सात-आठ जणांना घरी बोलावून शिकवायचे. त्यात मुलगी एकटी आक्का. आणि सगळ्यांत हुशार तीच, हे कबूल करायला माझं काय जातं? मी पाठ केलेलं ठोकायचो, ती विचार करून एकेक ओळ लिहायची. सर वडिलांना म्हणायचे, हिला शिकवा, हिला थांबवू नका.

आमची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला वडील, म्हणजे आमचे दादा, गिरणीला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी चाकावर, जात्यावर सढळ हातानं शिंपडायचे. पाणी लागल्याशिवाय पूजा पोचतच नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. लोखंडाच्या गिरणीला त्यानं काय होणार होतं! त्या वर्षी सर म्हणाले, "काँप्युटरची पूजा तू कर, मी आंघोळ करून येतो." केवढा मान! मी कुंकू लावलं, झेंडू वाहिला, पायरीवर नारळ फोडला आणि वाटीतलं पाणी बटनांवर ओतलं. हात हलला, सांडलं, असं काही नाही. मुद्दाम ओतलं, भक्तिभावानं ओतलं. पाणी बटनांच्या फटींतून सरसर आत गेलं तेव्हा कुठं मला धस्स झालं. शर्टानं वरवर पुसलं. सर आले, प्रसाद दिला, मी खोबरं खात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सगळी पोरं सरांच्या घरी जमली. आक्कानं पाढ्यांचा प्रोग्राम लिहिला होता, म्हणून पहिला मान तिचा. काँप्युटर चालू झाला, मी सुटकेचा निःश्वास टाकला. आक्कानं सगळं टाइप केलं आणि शेवटचं बटन दाबलं. पडद्यावर उभ्या रेघा आल्या न् सगळं काळं.

"काय दाबलं बे हिनं?" कुणीतरी ओरडलं. सर म्हणाले, "असू द्या, यंत्र हाय ते." पण वडिलांनी घरी तिला उभं केलं. पोरीच्या जातीनं मशीनला हात लावायचाच कावून, म्हणाले. तिचं सरांकडं जाणं बंद झालं. दोन वर्षांत लग्न झालं. मी मात्र सरांकडं जात राहिलो, पुढं बीडला कोर्स केला, दुकान टाकलं. बोललो नाही. आधी माराच्या भीतीनं, मग लाजेनं, मग आता काय उकरायचं म्हणून.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. घरात मिक्सर अडकला, पंखा बंद पडला की एक ठरलेलं वाक्य होतं, "आक्काचा हात लागला का काय?" ते सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलंय. तीही हसायची. तलवाड्यात ती अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविकेच्या जागेसाठी तिचं नाव आलं होतं, शिक्षणात बसत होती, पण नोंदी मोबाईलवर भराव्या लागतात म्हणून तिनं नको असं लिहून दिलं. मला फोनवर म्हणाली, "सरकारी मोबाईल माझ्या हातानं बंद पडला म्हंजी?" आणि मी, दिवसभर लोकांचे मोबाईल उघडून बसणारा, म्हणालो, "बरं केलंस." थू माझ्या जिंदगीवर!

ती गेल्यावर काँप्युटर उघडला. अडॅप्टर तपासला, व्होल्टेज बरोबर. बटनांचा पत्रा उचलला आणि सगळं समोरच होतं. बोर्डावर तपकिरी चिकट डाग, कडेला कुंकवाचा लाल थर आणि त्यात वाळून गेलेल्या मुंग्या. गोड पाण्याला आलेल्या. तांब्याची एक रेघ हिरवी पडून तुटली होती, मेमरीच्या एका चिपचा पाय गंजून गळाला होता. दहा मिनिटांत निदान झालं. खरं तर मला ते पस्तीस वर्षांपासून माहीत होतं.

तरी मी तीन आठवडे लावले. ती दर दोन दिवसांनी बटनांच्या फोनवरून विचारायची, झाला का रे? मी म्हणायचो, पार्ट मिळंना. पार्ट कधीच आला होता. ब्रशनं, स्पिरिटनं एकेक मुंगी साफ केली. तुटलेल्या रेघेवर डाक देऊन वायर जोडली, चिप बदलली, फुगलेले कपॅसिटर बदलले. माळ्यावरचा डबा टीव्ही काढून जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली. आयुष्यात इतकी मशिनं चालू केली, पण चालू झाल्याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आक्का न्यायला आली. नवीन साडी नेसून, पेढे घेऊन. टीव्हीवरची अक्षरं बघून तिनं दोन्ही हात गालाला लावले.

"अगं बया! चालला की रे!"

"जुना झाला होता," मी म्हणालो. "आपोआप गेला होता तो."

"आपोआप कसा? माझ्यासमोर गेला. मी दाबलं न् गेला." तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "सरांना सांगणारय मी, सर, मी बिघडवला आन् माझ्या भावानं नीट केला. आता कसं मोकळं वाटतंय बघ."

तो पेढा मला गिळवेना. मी तो खाली ठेवला आणि तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. नारळ, पाणी, शर्टानं पुसलेलं, मुंग्या. गंजलेली जुनी चिप डबीतून काढून दाखवली. रड, शिव्या दे, थोबाडीत मार, असं मनात म्हणत उभा राहिलो.

तिनं ती चिप उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंस रे. दादानं तुला चार ठेवून दिल्या असत्या, बस."

"चुकलो, आक्का."

"लई चुकलास."

मी स्टूल ओढून तिला काँप्युटरपुढं बसवलं. म्हणालो, तुझा पाढ्यांचा प्रोग्राम लिही, एक बटन तरी दाब, तुझ्या हातानं काही होत नाही, कधीच झालं नव्हतं. तिनं उजवा हात पदराला पुसला आणि उचलला. बोटं बटनांच्या वीतभर वर थांबली. मी वाट बघत राहिलो. मग तिनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

"कळलं रे मला, माझा दोष न्हाई," ती म्हणाली. "पण हात जातच न्हाई. तूच दाब."