मांडीवरची वाटी

संग्राम थोरातला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर तो सांगायचा, शिपयार्डमध्ये इंजिनिअर आहे. पण मनातून तो स्वतःला ड्रायव्हरच समजायचा. कराडचा गडी. मिसरूड फुटायच्या आधी मामाची जीप कुंभार्ली घाटातून चिपळूणला नेऊन परत आणली होती त्याने, आणि ही गोष्ट सिंगापुरातल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात निदान दोनदा तरी सांगून झाली होती. आता असा माणूस येऊन पडला कुठे, तर जिथे गाडी घेणं म्हणजे हत्ती दारात बांधणं, अशा गावात. टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमधून तो रोज एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, कामाला जायचा. दांड्याला लोंबकळत उभा, आणि पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स. ते तो अधूनमधून काढून बघायचा, देवाचा फोटो बघावा तसं.

भूक भागायची ती गावी गेल्यावर. पुण्यात उतरलं की भाड्याची गाडी घ्यायची आणि खंबाटकीतून अशी हाणायची की मागे बसलेली अवनी निम्मा रस्ता डोळे मिटून काढायची. अवनी म्हणजे त्याची मुलगी, बारा वर्षांची. शेजारी बायको, चैताली. तिच्या मांडीवर कायम काही ना काही असायचं. कधी आमटीचा डबा, कधी सासूने बांधून दिलेलं विरजण. कराड ते पुणे, एवढी वळणं, एवढे ट्रक, पण डब्यातून कधी थेंब बाहेर आला नाही. "आपल्या गाडीत पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही," हे वाक्य संग्राम छाती फुगवून म्हणायचा. चैताली डबा उतरवून मनगटं चोळायची, एवढंच.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रुचिर उगवला.

रुचिर पुंगोलला राहायचा. चैताली आणि त्याची बायको गार्गी एकाच ऑफिसात. वय पस्तिशीच्या आत, अंगाने काडी, बोलणं हळू, आणि कामानिमित्त दोन हिवाळे जपानात होक्काइडोला काढून आलेला. बर्फात गाडी चालवून. बस, एवढ्यावर स्वारी मराठी मंडळात देवच झाली. डिसेंबरच्या सुट्टीत होक्काइडोला जाऊन स्वतः गाडी चालवायची, हे खूळ सिंगापुरात घराघरात शिरलंय. जो तो रुचिरला विचारायचा. टायर कुठले, वेग किती, घसरली तर काय करायचं. आणि हा पठ्ठ्या शांतपणे सगळ्यांना सांगत बसायचा. पूर्वी गणपतीच्या जेवणात लोक संग्रामला म्हणायचे, "तो घाटातला किस्सा सांगा ना." यंदा त्याने घाट सुरू केला आणि अर्ध्यात मंडळातला निशिकांत मान वळवून विचारता झाला, "रुचिर, ते बर्फावर आरशासारखं होतं, त्याला काय करायचं रे?" संग्रामची जीप चिपळूणच्या अलीकडेच बंद पडली. जळफळाट म्हणतात तो हाच.

घरी येऊन तो चैतालीला म्हणाला, "दोन हिवाळे चालवली म्हणजे काय मोठा तीर मारला? आमच्या कोयनेच्या चिखलात आण म्हणावं त्याला."

"चिखल वेगळा, बर्फ वेगळा," चैताली म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

आता तिला त्यातलं कळत होतं. चार महिन्यांपूर्वी तिने गाजावाजा न करता थिअरीची परीक्षा दिली होती आणि आपलं भारतातलं लायसन्स इथलं करून घेतलं होतं. संग्रामने तेव्हा "बरं केलंस, असू दे," म्हणून वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

यंदा तीन घरांनी मिळून जायचं ठरलं. रुचिरचं, निशिकांतचं आणि थोरातांचं. दोन गाड्या. एक रुचिर चालवणार हे ठरलेलंच. निशिकांतकडे लायसन्स नव्हतं. राहिली दुसरी गाडी, ती आपलीच, यात संग्रामला तिळमात्र शंका नव्हती. डोंगरातल्या बर्फाच्या रस्त्यावरून आपण चाललोय, मागे अवनी, शेजारी चैताली, आणि पुढे चाललेला रुचिर आरशातून बघतोय, हे चित्र तो एमआरटीच्या दांड्याला लटकून रोज बघायचा. त्याला बर्फ बघायचा नव्हता. त्याला एकदाचं दाखवून द्यायचं होतं.

पण रुचिर म्हणाला, "दादा, आधी एकदा सराव करू. आमच्या इथल्या कारपार्कच्या गच्चीवर."

पुंगोलच्या त्या बहुमजली कारपार्कची गच्ची उन्हामुळे नेहमी रिकामी असते. रविवारी सकाळी पाऊस पडून गेलेला, सगळं ओलं, आणि तिन्ही घरं जमलेली. रुचिरने तासाच्या भाड्याची गाडी आणली होती आणि हातात घरची स्टीलची वाटी. वाटीत काठोकाठ पाणी.

"टायरची पकड म्हणजे एकच भाकरी समजा," तो म्हणाला. "कोरड्या रस्त्यावर भाकरी मोठी असते, ब्रेकला द्या, वळायला द्या, पुरते. बर्फावर चतकोर मिळते. सगळी ब्रेकला घातली तर वळायला काही उरत नाही, गाडी सरळ निघून जाते. म्हणून एका वेळी एकच काम, तेही हलक्या हाताने. शेजारच्याने वाटी मांडीवर धरायची. पाणी सांडलं नाही, तर समजायचं हात हलका आहे."

"पण तिकडची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे ना?" संग्राम म्हणाला. "मग घसरतेय कशाला?"

"फोर व्हील निघायला मदत करते, दादा. थांबायला नाही."

निशिकांतने मान डोलावली. ती मान धरून पिरगाळावी असं संग्रामला वाटलं.

संग्राम स्टिअरिंगवर बसला. चैताली शेजारी, मांडीवर वाटी. मागे रुचिर आणि अवनी. त्याने चार वळणांची फेरी मारली, दोनदा ब्रेक लावला, आणि रुबाबात आणून गाडी उभी केली. वाटी जशीच्या तशी. संग्रामने मागे वळून बघितलं, कौतुकाचा वाटा घ्यायला.

रुचिर मान चोळत होता. "कमाल आहे," तो म्हणाला. "मला मागे दोनदा सीट धरायला लागली, पण वाटी काही सांडली नाही."

"बाबा एनीहाऊ ब्रेक मारतो लाह," अवनी म्हणाली. एनीहाऊ म्हणजे वाटेल तसा.

जळतोय लेकाचा, संग्रामच्या मनात आलं. मी जमवलं ते याला बघवत नाही. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने उतरताना रुचिरच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण गार्गी म्हणाली, "चैताली, तुझंही लायसन्स आहे की. घे ना एक फेरी." चैताली नको नको म्हणत बसली स्टिअरिंगवर. वाटी आली संग्रामच्या मांडीवर.

गाडी निघाली ती कळलंच नाही. पहिलं वळण आलं आणि गेलं. वाटीतलं पाणी काठाला नुसतं टेकून परत यायचं. ब्रेक तर तिने असा लावला की गाडी आपण होऊन थांबावी. मागून रुचिर हळूच म्हणाला, "वहिनी, मी खोटं नाही सांगत. पहिल्या हिवाळ्यात मला हे जमत नव्हतं."

"आई, सो स्मूथ," अवनी म्हणाली.

संग्राम वाटीकडे बघत बसला. काठोकाठ भरलेली ती वाटी त्याला सहन होईना. रुचिरचं कौतुक एक वेळ गिळता येतं, तो परका. पण ही? हिला रिव्हर्स घ्यायला कुणी शिकवलं? खंबाटकीत हिच्या शेजारी कोण होतं? आता होक्काइडोत ही चालवणार आणि आपण शेजारी पर्स सांभाळत बसणार. आणि पुढच्या गणपतीत लोक हिला विचारणार, वहिनी, बर्फावर आरशासारखं होतं तेव्हा काय करायचं.

शेवटचं वळण उजवीकडचं होतं. संग्रामचा डावा गुडघा वर आला. जरासाच. आपोआप आला असं त्याला स्वतःला सांगायचं होतं, पण आपोआप आला नव्हता. अर्धी वाटी उपडी झाली.

"अरे, शेवटच्या वळणावर," रुचिर हळहळला. "हरकत नाही वहिनी, पाणीच ते. मग दुसरी गाडी दादांकडे."

चैतालीने गाडी उभी केली, हँडब्रेक लावला आणि संग्रामच्या पँटकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे. आणि उतरली.

परतताना संग्राम भलताच खुशीत. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी थांबून त्याने स्वतः रांगेत उभं राहून कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणली, अवनीला आईस कचांग घेऊन दिलं. बर्फाचा तो चुरा चमच्याने उडवत म्हणाला, "हे बघ, असाच असणार तिकडे." चैताली हसली नाही.

घरी आल्यावर तिने त्याची ओली पँट धुवायला घेतली आणि तशीच हातात धरून हॉलमध्ये आली. अवनी खाली खेळायला गेली होती.

"अहो, उजवीकडे वळलं की पाणी कुठे जातं?"

"म्हणजे?"

"डावीकडे. दाराकडे. एवढी वर्षं मांडीवर डबे घेऊन बसतेय, मला माहीत आहे." तिने पँट पुढे धरली. "ही उजवीकडे भिजलीय. गिअरसुद्धा ओला होता."

संग्रामने टीव्हीचा रिमोट शोधायला घेतला. रिमोट समोरच होता.

"गुडघा हलला असेल," तो म्हणाला. "तू झटका दिलास म्हणून."

"मी झटका दिला नाही. आणि तुम्हाला ते माहीत आहे." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर संग्रामला भांडता तरी आलं असतं. "तुमची वाटी का सांडली नाही, ते सांगू? खंबाटकीत डबा का सांडायचा नाही, तेच. तुम्ही ब्रेक मारायच्या आधी तुमचा डावा खांदा खाली येतो. तो आला की मी मांडी उचलायची. वळणाच्या आधी तुम्ही मान पुढे काढता, मी दुसरीकडे कलायची. घरी आल्यावर कंबर धरायची माझी. आजही तेच केलं, सवयीने. रुचिरभाऊजींना मागे सीट धरायला लागली ती उगीच नाही."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ते?"

"तुम्हाला एवढा आनंद व्हायचा. म्हटलं असू दे, आमटीच तर आहे." तिने पँट खाली ठेवली. "पण तिकडे मागे अवनी असणार. डबा मी सांभाळीन हो, गाडी कशी सांभाळू? सगळ्या जन्मात माझी एक फेरी होती, ती तुमच्याने सांभाळवली नाही."

संग्राम तिच्यावर खेकसला. काय बोलला ते सांगण्यासारखं नाही, त्यालाही नंतर धड आठवलं नाही. रुचिरचं नाव मात्र तीनदा आलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्हीच एकदा एकटे जाऊन बघा. वाटी शेजारच्या सीटवर ठेवा, ताटात. कुणाच्या मांडीवर नको."

आठवडाभर तो तिच्याशी कामापुरतं बोलला. जाणार नाही म्हणजे नाही, असं स्वतःला बजावत राहिला. आणि रविवारी पाऊस थांबल्यावर पिशवीत ताट आणि वाटी घालून चोरासारखा बाहेर पडला. गाडी भाड्याने घेतली, आपल्याच ब्लॉकच्या कारपार्कच्या गच्चीवर गेला. बाटलीतलं पाणी वाटीत काठोकाठ भरलं.

पहिल्या वळणावर पाणी ताटात. दुसऱ्या ब्रेकला वाटीच पुढे सरकून खाली. त्याने पुन्हा भरली. या वेळी जीव मुठीत धरून, हळू, अगदी रुचिरने सांगितलं तसं. पण पाय काही ऐकेना. वीस वर्षांचा घाट होता त्या पायात. तिसऱ्यांदा ताटच सीटवरून घसरलं आणि वाटी गडगडत सीटखाली गेली. ती काढायला तो वाकला, आणि तसाच वाकून राहिला. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावरची चैताली त्याला आता दिसत होती. ओठ मिटून, मांडी सावरत, त्याच्या खांद्यावर नजर ठेवून. आणि आपण गाणं म्हणत होतो.

रुमालाने सीट पुसून त्याने रुचिरला मेसेज केला. मागच्या रविवारी वाटी माझ्या गुडघ्याने सांडली. मी मुद्दाम सांडली. दुसरी गाडी चैताली चालवेल. पाठवायच्या आधी मधलं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. रुचिरचा लगेच नुसता अंगठा आला. त्या अंगठ्याचाही संग्रामला राग आला. मेल्याने निदान आश्चर्य तरी दाखवायचं.

घरी चैताली गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. त्याने पिशवीतून वाटी काढून तिच्यासमोर ठेवली. रिकामी, बुडाला एक पोचा आलेली. तिने वाटी उचलून पोच्यावरून अंगठा फिरवला.

"रुचिरला सांगितलं," तो म्हणाला. "तू चालवायचीस."

"काय सांगितलं?"

"सगळं."

शेंगा मोडायच्या थांबल्या. संग्राम तिच्या शेजारी जमिनीवर बसला. छातीतली जळजळ गेली नव्हती, ती एवढ्यात जाणार नव्हती. तरी त्याने विचारलं, "ती मांडी कशी हलवायची असते, तेवढं दाखव मला. मी शेजारी असणार ना आता."

चैतालीने मूठभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

"माझ्या गाडीत काही हलवावं लागत नाही," ती म्हणाली. "नुसतं स्वस्थ बसायचं."