क्रेनवरचा पिक्चरवाला

आम्ही चौघे भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होतो. सोमवारी पहिली पाळी सुटली की गेटसमोरच्या टपरीवर आमची पिक्चरची बैठक बसायची. शुक्रवारी लागलेला नवा पिक्चर शनिवार-रविवारात बघून यायचा आणि सोमवारी त्याची सालं काढायची. त्यात सगळ्यात पुढे असायचा तो. कारखान्याच्या शेडमध्ये छताखालून धावणारी मोठी क्रेन तो चालवायचा. मी खाली माल साखळीला बांधायचो आणि हाताने इशारा करायचो. सात वर्षं आमची जोडी होती.

पिक्चर तो आमच्यासारखा हिरोकडे बघत बसून बघायचा नाही. "मागे तो हवालदार उभा होता ना, तो मागच्या पिक्चरमध्ये डॉक्टर होता," असं म्हणायचा. आम्हाला हवालदारच आठवायचा नाही. पण त्या वर्षी त्याचं हे बोलणं कमी झालं होतं. मला ते उशिरा लक्षात आलं.

आमच्यातल्या एकाने भाड्याने व्हीसीआर आणला होता. एका रविवारी दुपारी त्याच्या खोलीत जमलो. दोन हिंदी कॅसेट आणि एक इंग्लिश.

"इंग्लिश झोंबी आहे," व्हीसीआरवाला म्हणाला.

"कुस्तीचा पिक्चर?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"कुस्ती नाही हो बाबा. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जिवंत माणसांना खातात."

"शी!" म्हणून वडील चप्पल घालून बाहेर गेले.

पिक्चर झकास घाबरवत होता. प्रेतं अंधारातून, बाजूने, दारामागून यायची आणि आम्ही तिघे ओरडायचो. क्रेनवाला मात्र गप्प. अर्धा पिक्चर झाल्यावर वैतागून म्हणाला, "काय फालतू कॅसेट आणलीस रे? सगळा काळोख. दिसतंय काय?"

"काळोख कुठे? ती बाई दिसते ना, जिन्याखाली?"

"कुठली बाई?"

आम्ही हसलो. "यार, तुला झोप आलीये." तोही हसला. मग पिक्चर संपला, आम्ही बाहेर पडलो, आणि भर दुपारच्या उजेडात दाराजवळ ठेवलेल्या पाण्याच्या बादलीवर तो धडकन आपटला. बादली काही लहान नव्हती. तो उठला, पँट झटकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो माझ्या डोक्यावर क्रेन चालवणार होता.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्याला क्रेनच्या शिडीपाशी गाठलं. "खरं सांग. डोळ्यांचं काय झालंय?"

तो आधी चिडला. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं ठीक आहे. बाजूचं गेलं. उजेड कमी झाला की समोरचंही जातं."

"डॉक्टर?"

"तीन झाले. औषध नाही म्हणतात. आई रोज कलेजी खायला घालते. कोणीतरी सांगितलं रशियात इलाज आहे. आता रशियाला काय चालत जाऊ?"

"आणि तू क्रेन चालवतोस?"

"हूक दिसतो मला. बाजूला तू असतोस ना." त्याने माझं मनगट धरलं. "दोन महिने थांब. मग मी स्वतः जाऊन सांगतो. आईशप्पथ."

"दोन महिन्यांनी काय होणार आहे?"

त्याने मनगट सोडलं नाही. मी हो म्हटलं.

ते दिवस मला अजून नीट आठवतात. मी शिट्टी घेऊन आलो. माल उचलायच्या आधी धावत जाऊन लोकांना बाजूला करायचो, ओरडायचो, शिव्या खायचो. टपरीवर तो पिक्चरवर आधीपेक्षा जास्त बोलायला लागला होता. सुट्टीच्या दिवशी तीन-तीन खेळ बघायचा. "एवढी घाई कसली रे?" बाकीचे दोघे विचारायचे. तो म्हणायचा, "चांगले पिक्चर थांबतात का आपल्यासाठी?" मी ग्लासात बघत बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात लोखंडी पत्र्यांची चळत उचलली होती. एक वेल्डर तोंडावर झापड लावून खांबाशेजारी वाकला होता. मी शिट्टी मारली, ती त्याला मशीनच्या आवाजात ऐकू आली नाही. हात वर करून क्रेन थांबवायचा इशारा केला, तो वरच्याला दिसला नाही. चळत हेलकावत गेली आणि वेल्डरच्या खांद्याला लागली. तो दोन हात लांब पडला. हाड मोडलं, जीव वाचला. डोकं चार बोटांनी वाचलं होतं.

वरून केबिनमधून तो ओरडत होता, "काय झालं? कोण आहे? कोण आहे रे तिथे?"

तिथे कोणी होतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी मी फोरमनला सगळं सांगितलं.

डोळ्यांची तपासणी झाली आणि त्याला क्रेनवरून उतरवलं. दुसरं काम देऊ म्हणाले, दिलं नाही. महिन्याभरात तो घरी बसला. आख्ख्या वस्तीला कळलं. आणि मग टपरीवर दुसऱ्याच कोणीतरी मला सहज सांगितलं की त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं; ठरल्याचंही त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. मुलाकडचे म्हणाले, घराण्यातला रोग आहे, आमच्या नातवंडांत नको. लग्नाला जेमतेम दोन आठवडे राहिले होते.

दोन महिने कशासाठी हवे होते ते मला तेव्हा कळलं. त्याने शिडीपाशी हे का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी थांबलो असतो का? आणि थांबलो असतो तर तो वेल्डर? हा हिशेब मी कितीदा मांडला, तो कधी जमला नाही.

मी त्यांच्याकडे जायचं टाळत होतो. पावसाळ्यानंतर एक दिवस त्याची बहीण गेटवर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही चारचौघांत बोलणार. ती म्हणाली, "दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. जेवत नाही. पिक्चरचं बोलायला कोणी नाही त्याला. तुम्ही या."

"तू मला हे सांगायला आलीस?"

"मग कोणाला सांगू?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

रविवारी गेलो. त्याच्या आईने दार उघडलं. "ये, बस. तो बोलूचो नाय," असं म्हणून ती स्टोव्हकडे वळली. तो खाटेवर होता. दाढी वाढलेली. मी नव्या पिक्चरची गोष्ट सांगायला लागलो, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. इंटरवलपर्यंत सांगितली. तो हलला नाही. मग एकदम म्हणाला, "तू मला दोन महिने दिले नाहीस."

"तो माणूस मेला असता रे."

"माहीत आहे," तो ओरडला. "माहीत आहे मला! म्हणून तर तुला शिव्या पण देता येत नाहीत!"

आई स्टोव्हपाशी तशीच पाठमोरी उभी राहिली. मग त्याने विचारलं, "इंटरवलनंतर?"

मी उरलेली गोष्ट सांगितली. पुढे दर रविवारी जात राहिलो. तो कधी ऐकायचा, कधी "आज नको" म्हणायचा. मला माफ केलं असं तो कधीच म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी खोली विकली आणि गावी मालवणकडे जायचं ठरवलं. एका शुक्रवारी संध्याकाळी मी एसटीवर पोचवायला गेलो. बहिणीने त्याचा दंड धरला होता. त्याने माझ्या दिशेने तोंड केलं, पण जरासं बाजूला.

"कोण कोण आलंय?"

"मी."

"बाकीचे दोघे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "सहाच्या खेळाला गेलेत. आज नवीन लागलाय."

"चांगला असेल," तो म्हणाला आणि पायाने एसटीची पायरी चाचपायला लागला.